धुराड्याचा अर्ज

आमच्या स्वयंपाकघरात धूर जमिनीपासून एक मीटर बेचाळीस सेंटिमीटरवर थांबतो. त्याच्या खाली हवा स्वच्छ असते, वर काही दिसत नाही, आणि मधली सीमा दुधावरच्या सायीसारखी सपाट असते. हे मी टेपने मोजलं आहे. तीन वेगवेगळ्या सकाळी, दार उघडं ठेवून आणि दार लावून. माझी उंची एक मीटर अठ्ठावन्न. म्हणजे वरचे सोळा सेंटिमीटर, ज्यांत माझे दोन्ही डोळे आणि नाकाचा बराचसा भाग येतो, रोज सकाळी दीड तास धुरात असतात.

हे आकडे मी ‘पुरेसं’च्या सोमवारच्या बैठकीत सांगितले. वाल्मिकदादांनी डोळे मिटून विचार केला आणि म्हणाले, “मग बसून स्वयंपाक करू या.”

‘पुरेसं’ हे आमच्या समूहाचं नाव. चौक गावापासून सहा किलोमीटर आत, पटसंख्या घटून बंद पडलेल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आम्ही अकरा जण राहतो. सगळे शिकलेले किंवा अजून शिकत असलेले. भात लावायचा, भाज्या पिकवायच्या, आपले कपडे आपण धुवायचे, दुपारी एकत्र वाचायचं, आणि माणसाला जगायला खरोखर किती लागतं ते बघायचं. फोन सकाळी पत्र्याच्या पेटीत जातो आणि चारला बाहेर येतो. मी जानेवारीत तीन महिन्यांच्या उमेदवारीवर आले. उमेदवारी संपली की बैठकीत उभं राहून, राहणार की जाणार, ते आपणच सांगायचं. कोणी विचारत नाही, कोणी आग्रह करत नाही. ज्यांना वाटतं की यामुळे माणसावर दडपण येत नाही, त्यांनी दहा जणांना एकाच वेळी आपल्याला न विचारताना बघावं.

त्याआधी सहा वर्षं मी जर्मनीत होते. लाकूड जळताना निघणारे कण किती मोठे असतात आणि ते फुप्फुसात कुठपर्यंत पोचतात, या विषयात मी डॉक्टरेट केली. माझ्या प्राध्यापकांनी आणखी तीन वर्षांचं काम देऊ केलं होतं आणि मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यापर्यंत उत्तर मागितलं होतं. खोपोलीहून आई रोज चार वाजून एक मिनिटाला तेच विचारायची. प्राध्यापक, आई आणि समूह, तिघांनाही मी एकच सांगत होते : धुराचं मार्गी लागलं की कळवते. हे टाळणं नव्हतं. हातातला एक प्रश्न संपल्याशिवाय दुसरा घेऊ नये, ही पद्धत आहे.

धुराच्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. नवीन चूल, तिच्या मागून एक नळी, नळीसाठी कौलांत एक भोक. व्यास पंधरा सेंटिमीटर. दोन दिवसांचं काम.

पहिले चार सोमवार बैठकीत गेले. आमच्याकडे सगळे निर्णय सर्वानुमते होतात, आणि अकरातला एक जरी गप्प राहिला तरी त्याला एकमत धरत नाहीत. किरणने विचारलं की ही गरज आहे की इच्छा. आमच्या भिंतीवर फळा आहे, त्यावर हे दोन रकाने आहेत. मी म्हटलं, श्वास घेणं पहिल्या रकान्यात टाका. तो म्हणाला, श्वास तर चालूच आहे ना. दुसऱ्या सोमवारी स्वप्नीलने मुद्दा काढला की धुरामुळे डास येत नाहीत. तिसऱ्या सोमवारी सुरभीला वाटलं की मी धुराकडे शत्रू म्हणून बघते आहे. मी सहा वर्षं धुराकडे इतक्या जवळून बघितलं आहे की मैत्री-शत्रुत्वाचा प्रश्नच उरलेला नाही, पण हे मी बोलले नाही. चौथ्या सोमवारी स्वयंपाकाची पाळी किरणची होती. त्याची उंची एक मीटर ऐंशी. ठराव मंजूर झाला.

तेव्हा वाल्मिकदादांनी कपाटातून करारनामा काढला. वाल्मिकदादा समूहाचे सगळ्यांत जुने सदस्य आणि कागद सांभाळणारे एकमेव सदस्य. शाळेची इमारत वापरायला दिली आहे ती या अटीवर, की भिंती आणि छप्पर यांत कोणताही बदल ग्रामपंचायतीच्या लेखी परवानगीशिवाय करायचा नाही. माझी हरकत नव्हती. नियम असला की तो पाळावा, आणि अर्ज लिहायला मला दहा मिनिटं पुरतात.

पुरली. पण ‘पुरेसं’मध्ये कोरा कागद वापरत नाहीत, पाठकोरा वापरतात. माझा अर्ज ज्या कागदाच्या पाठीवर होता, त्याच्या पोटावर आमच्या मागच्या वर्षीच्या मौन शिबिराची सूचना होती. आमच्या ग्रामसेवकांना गावात सगळे भाऊसाहेब म्हणतात. त्यांनी कागद ज्या बाजूने हातात आला त्या बाजूने वाचला, त्याच बाजूला आवक क्रमांक टाकला आणि बारा दिवसांनी लेखी कळवलं की अकरा जणांनी तीन दिवस गप्प बसण्यास ग्रामपंचायतीची हरकत नाही.

मी पंचायतीत गेले. भाऊसाहेबांनी कागद उलटला, वाचला, आणि अत्यंत सौजन्याने म्हणाले, मॅडम, एका कागदाला एकच आवक क्रमांक बसतो, तो बसला, आता दुसरा कागद आणा.

इथे थोडं विषयांतर करते, कारण माझ्या अब्रूचा प्रश्न आहे. एव्हाना धुराने माझे डोळे लाल राहू लागले होते. चौकच्या नाक्यावर रिक्षात बसले की रिक्षावाला आरशात बघायचा आणि हळू आवाजात विचारायचा, “केंद्रात ना?” दोनतीनदा मी हो म्हटलं. संस्थेला लोक केंद्र म्हणत असतील, असा माझा समज. चौथ्यांदा रिक्षावाला म्हणाला की त्याच्या मेहुण्यालाही भरती करायचंय, दारू सुटता सुटत नाही, तुमी किती दिसांत सुधारला. मी त्याला साध्या राहणीचं तत्त्व समजावून सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं, आणि उतरताना म्हणाला, “सुटंल ताई. हिंमत सोडू नका.”

खोपोलीला आईच्या शेजारी छायाकाकू राहतात. त्यांचं निदान वेगळं होतं. परदेशातून शिकून आलेली मुलगी विमानतळावरून नोकरीला जाते किंवा मांडवात जाते, शाळेच्या पडवीत जाऊन चटईवर झोपत नाही, आणि झोपली तरी तिचे डोळे सुजत नाहीत, असं त्या आईला म्हणाल्या. तिकडे काहीतरी झालं असणार. कोण होता, एवढंच विचार, बाकी खोदू नकोस. आईने मला विचारलं, “कोण होता?” मी म्हटलं, कार्बन. आई म्हणाली, आडनाव काय?

दुसरा अर्ज मी कोऱ्या कागदावर लिहिला आणि त्यासाठी बैठकीत दोन मिनिटं खेद व्यक्त केला. विषय : स्वयंपाकघरावर चिमणी बसविण्याची परवानगी मिळणेबाबत. माझ्या मते या वाक्यात संदिग्ध असं काही नव्हतं.

नऊ दिवसांत उत्तर आलं, आणि उत्तर घेऊन भाऊसाहेब स्वतः आले. बरोबर पंचायतीचे दोन सदस्य, एक शिडी आणि लाकडाची तीन घरटी. पंचायतीला त्या वर्षी पर्यावरणाचं उद्दिष्ट पूर्ण करायचं होतं, आणि सगळ्या गावातून चिमण्यांसाठी अर्ज करणारी मी एकटी निघाले होते. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी एक घरटं माझ्या हातात दिलं आणि फोटो काढला. नंतर तो गावाच्या ग्रुपवर गेला. “परदेशातून परतलेल्या मॅडमचे चिमणीप्रेम.” माझे लाल डोळे त्यात स्पष्ट दिसतात. खाली कोणीतरी लिहिलं होतं : मॅडमना अश्रू अनावर.

घरटी स्वयंपाकघराच्या बाहेरच्या भिंतीवर ठोकली. कौलांच्या फटींतून धूर नेमका तिथेच बाहेर पडतो. एकही चिमणी आली नाही.

त्या दिवशी चार वाजता मी फोनवर पहिल्यांदा आवाज चढवला. आईने खोपोलीच्या शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवलं आहे. ती म्हणाली, चूक त्यांची नाही. चिमणी पक्ष्याला म्हणतात. धूर सोडतं ते धुराडं. मराठीत शब्द असताना घेत नाही आणि मग सरकारवर चिडतेस.

शब्द अचूक असावा, हे मला पटतं. तिसऱ्या अर्जात मी लिहिलं : धुराडे उभारणेबाबत. ‘बसविणे’ हा शब्द पक्ष्यांना लागू पडतो हे लक्षात आल्यामुळे ‘उभारणे’ केलं. तो बदल मी केला नसता तर बरं झालं असतं.

आमच्या या भागात धुराडं म्हटलं की माणसाला चूल आठवत नाही. त्याला खोपोलीचे कारखाने आठवतात. तीन दिवसांत गावभर झालं की शाळेत कारखाना येतोय आणि ते साधे कपडे घालून राहणारे लोक म्हणजे कंपनीची माणसं, जमीन बघायला आलेली. पाण्याच्या टाकीपाशी बायका माझ्याशी बोलेनाशा झाल्या. दुसरीकडे, तीन दिवसांत माझ्याकडे सात बायोडेटा आले. कान्हा नावाचे एक शेतकरी सकाळी आठलाच अंगणात येऊन उभे राहिले. पंधरा मिनिटं त्यांनी मला सुनावलं. नदीचं काय व्हनार, आंब्याचा मोहर जळनार, पिढ्यान्‌पिढ्या आमी इथं हाय, कालच्या आलेल्यांनी आमाला सांगू नये. सगळं मुद्देसूद होतं. मग त्यांनी खिशातून एक प्लास्टिकची पिशवी काढली.

“कारखाना आमी होऊ देनार नाय,” ते म्हणाले. “पन झालाच, तर ही आमची पोर, जागृती. बीकॉम हाय.”

भाऊसाहेबांनी अर्ज स्वतःच्या अधिकारात ठेवला नाही. धुराडं म्हणजे उद्योग, उद्योग म्हणजे तालुका, असं म्हणून त्यांनी मला खालापूरला पाठवलं. मी चौकहून एसटीने गेले. तिथल्या एका कार्यालयात एका वयस्कर कारकुनाने माझा अर्ज शांतपणे दोनदा वाचला. हा माणूस मला पहिल्या क्षणापासून आवडला, कारण त्याने प्रश्न क्रमाने विचारले.

उत्पादन कशाचं?

मी म्हटलं, भाकरी.

दिवसाला किती?

तेहतीस. रविवारी बावीस, कारण रविवारी एक वेळ उपास.

कामगार?

अकरा. आळीपाळीने.

कारकुनाने पेन खाली ठेवलं, चष्मा काढला आणि बराच वेळ माझ्या डोळ्यांकडे बघितलं. मग म्हणाला की हे आमच्याकडचं काम नाही, गावाचं गावात मिटवा, एक मेला ग्रामसभा आहे तिथे विषय घ्यायला सांगा. आणि डोळ्यांना गुलाबपाणी लावा.

या सगळ्या काळात वैज्ञानिक दृष्टीने शहाणपणाचं असं फक्त एकच माणूस बोललं, ते म्हणजे सोनुबाई. शाळेच्या मागच्या आळीत राहतात, वय साठच्या पुढे, आणि पंचक्रोशीत चूल घालावी तर त्यांनीच. गाव बोलत नव्हतं तेव्हाही त्या यायच्या. कारखाना असता तर एवढी हडकुळी माणसं ठेवली नसती, असं त्यांचं मत. मी त्यांना नव्या चुलीचा आराखडा दाखवला. हवा कुठून आत येईल, ज्वाळेचं तापमान किती, नळीचा उतार किती. त्यांनी कागद हातात न घेता बघितला आणि म्हणाल्या की तोंड दोन बोटं बारीक कर, लाकूड कमी लागंल. मी गणित करून पाहिलं. दोन बोटं म्हणजे साडेतीन सेंटिमीटर धरले तर बरोबर होतं. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

“न ह्या भोकासाठी एवढं कागद?” त्यांनी विचारलं. “दोन कौलं सरकव न मोकळी हो.”

मी अट सांगितली.

“माझ्या घरात भोक पाडाया मी कुनाला इचारत नाय गं.”

मी म्हटलं, हे माझं घर नाही. त्यांनी पदर खोचला. वारुळाची माती, भाताचा तूस आणि शेण एका ढिगात कालवत बसल्या. मग हात न थांबवता म्हणाल्या की ही माती दोन दिवस तुडवायला लागते, मग चूल घालायची, मग चार दिवस सावलीत वाळवायची. आणि चूल पाहुणीसाठी घालत नाहीत. घालून माणूस निघून गेलं तर चुलीला तडा जातो.

मी म्हटलं की तडा असमान वाळण्यामुळे जातो.

“तू राहनार हायेस का बाय?”

मी सांगितलं की निर्णयाला लागणारी माहिती अजून पुरेशी नाही.

“म्हंजे नाय.”

“नाही असं नाही.”

“मंग हाय?”

मी मातीत बोट घालून ओलावा बघितला. सोनुबाईंनी ढिगावर गोणपाट टाकला आणि उठून गेल्या. तो ढीग तसाच राहिला, रोज सकाळी मला दिसेल असा.

खरं सांगायचं तर मला राग आला होता, आणि तो नेमका कोणाचा ते ठरत नव्हतं. तिकडे सहा वर्षं मी धूर काचेतून बघितला होता. पेटीत जाळायचा, यंत्राने मोजायचा, संध्याकाळी हात स्वच्छ. माझ्या प्रबंधात पान अठ्ठेचाळीसवर वाक्य आहे की जगातल्या कोट्यवधी स्त्रिया असा धूर घेतात. ते लिहिताना मला एकदाही खोकला आला नव्हता. इथे एका सकाळी सोनुबाई खोकत होत्या, सुरभी खोकत होती, मी खोकत होते, आणि तिघींचा खोकला वेगळा होता. मी तो ओळखू शकत होते. पण एवढ्यावर आयुष्याचा निर्णय करायचा म्हणजे नमुना फारच लहान.

एक मे आला. गावातल्या मागच्या चार ग्रामसभा गणपूर्तीअभावी तहकूब झाल्या होत्या. या वेळी झेंडावंदन होण्याआधीच मांडव भरला. कारखान्याला विरोध करणारे डावीकडे बसले, बायोडेटावाले उजवीकडे, आणि कान्हांना कुठे बसावं ते न कळल्यामुळे ते मधल्या खांबाला टेकून उभे राहिले. आम्ही अकरा जण मागे बसलो. साडेनऊला आई आली. तिच्या हातात माझी जुनी निळी बॅग होती, रिकामी, आणि बरोबर छायाकाकू. आई म्हणाली, प्राध्यापकांनी आता मलाच लिहिलंय, तू उत्तर देत नाहीस म्हणून. आज सामान भर, घरी बसून शांतपणे ठरव. छायाकाकूंनी ‘पुरेसं’च्या दहाही जणांकडे एकेक करून बघितलं आणि आईच्या कानात म्हणाल्या, “यातला नसेल कुणी.”

सरपंच हर्षलाताई खुर्चीत बसल्या. भाऊसाहेबांनी विषय क्रमांक सात वाचला : शाळा इमारतीवर धुराडे उभारणे. मांडवात आवाज वाढला. वाल्मिकदादांनी बोलायला हवं होतं, पण तो त्यांचा साप्ताहिक मौनाचा वार होता. ते फक्त हात जोडून हसले, आणि डावीकडच्यांना वाटलं की कंपनीने कबूल केलं. मग मी उभी राहिले. अर्जावर सही माझी होती.

मी सगळं सांगितलं. एक मीटर बेचाळीस, पंधरा सेंटिमीटरचं भोक, अकरा माणसं, तेहतीस भाकऱ्या. चिमणीचा खुलासा केला. धुराड्याचा केला. मौन शिबिराचाही केला. मला वाटतं मी बऱ्यापैकी चिडलेली होते, कारण शेवटी शेवटी कान्हा मान डोलवत होते. उजवीकडच्यांनी निमूटपणे बायोडेटा परत मागितले.

हर्षलाताईंनी मधे एकदाही तोडलं नाही. बोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, “चुलीचं समजलं. चुलीला कोन नाय म्हनत नाय. पन ताई, अर्ज करनारा गावचा रहिवासी पायजे. तुमी इथल्या का पाहुन्या?”

मी म्हटलं, जानेवारीपासून आहे.

“ते झालं. पुढं? सरकारी शाळेचं छप्पर आमी फोडायचं, न तुमी म्हयन्याभरात विमानात बसायचं? मंग पावसात ते भोक बघायचं कोनी?”

हा प्रश्न योग्य होता. त्यामुळेच मला फार अपमान वाटला. चार महिने माझे प्राध्यापक, आई, दहा माणसं आणि सोनुबाई यांनी जे विचारलं, तेच आता सव्वादोनशे लोकांसमोर, विषय क्रमांक सातखाली, ठराव म्हणून विचारलं जात होतं. मागे वळून बघितलं तर ‘पुरेसं’चे सगळे जण मला काहीही न विचारता माझ्याकडे बघत होते. सोनुबाई बायकांत पुढे बसल्या होत्या आणि पदराच्या टोकाने हाताची सुकलेली माती झाडत होत्या. आईच्या मांडीवर बॅग होती. खोपोलीला जाणं, तिकडे जाणं, परत येणं, पुन्हा विचार करणं, हे सगळं त्या रिकाम्या बॅगेत सहज मावलं असतं.

“राहणार,” मी म्हणाले.

भाऊसाहेबांनी मान वर केली. “मोठ्यानं, मॅडम. आणि हळू. प्रोसिडिंगला घ्यायचंय. पूर्ण वाक्य सांगा.”

मी घसा साफ केला. “लिहा. अर्जदार सदर गावी वास्तव्य करण्यास...”

“अर्जदार कोण?” मागून आईचा आवाज आला. ती उभी राहिली होती. बॅग तिने छायाकाकूंच्या मांडीवर ठेवली होती. तिचे डोळे माझ्याइतकेच लाल होते, आणि तिथे धूर नव्हता. “वाक्याला कर्ता असतो, श्रद्धा. नीट सांग.”

भाऊसाहेबांनी लिहिलेलं खोडलं आणि पेन पुन्हा कागदाला टेकवलं.

“मी,” मी म्हणाले, आणि ते लिहून होईपर्यंत थांबले. “मी परत जाणार नाही. मी इथे राहणार आहे.”